व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स टाकायचंय : 'डिस्क पुसून टाका' म्हणतं, पुसू का?

पऱ्हाटी | सोमवार, रात्री १०.१४

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. आमच्या ओसरीतच सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विम्याचे अर्ज, झेरॉक्स. लॅपटॉप घरात एकच : आय-थ्री सहाव्या पिढीचा, आठ जीबी रॅम, एक टीबीची जुनी फिरती हार्डडिस्क, विंडोज १०. बॅटरी कधीच मेली. लाइन गेली की लॅपटॉपही गेला.

मी बीसीएला आहे. प्रॅक्टिकलला लिनक्स आहे आणि लॅबमध्ये एका मशीनवर आम्ही चौघी बसतो, त्यामुळे कीबोर्डला हात लागेपर्यंत तास संपतो. घरी सराव करायचाय, पण विंडोज काढता येत नाही. अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, बाबांचे जुन्या मराठी फॉन्टमधले अर्ज, सगळं विंडोजवरच चालतं. मैत्रीण म्हणाली व्हर्च्युअलबॉक्स टाक, विंडोजच्या पोटात लिनक्स चालतं.

चार रात्री मोबाइलच्या नेटवर उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराची सहा जीबीची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवली. मशीन बनवलं, 'स्टार्ट' दाबलं, तर लाल चौकट : व्हीटी-एक्स बायोसमध्ये बंद आहे. हे काय असतं?

आणि त्याहून मोठी भीती. एका व्हिडिओत पाहिलं की इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' असा पर्याय निवडतात. बाबांनी तीन वर्षांत स्कॅन केलेली कागदपत्रं याच डिस्कवर आहेत. पुसलं गेलं तर मला घरात जेवायला मिळणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, रात्री १०.३१

जेवाले मिळन ताई, आमच्या घरी ये. पण पुसू नको अजून! थांब जराशी, तिफणभाऊ येऊन रायले असतीन.

तिफण | सोमवार, रात्री ११.०५

आलो. आधी भीतीचं बोलू, व्हीटी-एक्स मग.

व्हर्च्युअल मशीनची 'डिस्क' म्हणजे तुझ्या विंडोजमधली एक फाइल. शेवटी व्हीडीआय लिहिलेलं असतं. तू पंचवीस जीबीची डिस्क बनवलीस, की व्हर्च्युअलबॉक्स एक छोटी फाइल तयार करतो आणि लिनक्स भरत जाईल तशी ती फुगवत नेतो. आतल्या लिनक्सला फक्त तीच फाइल दिसते, आणि ती त्याला अख्खी हार्डडिस्क वाटते. बाबांची कागदपत्रं ज्या डिस्कवर आहेत ती त्याच्या दृष्टीने जगातच नाही. म्हणून 'इरेज डिस्क' म्हटल्यावर ती पंचवीस जीबीची रिकामी फाइलच पुसली जाते.

खात्री कशी करायची? पुसण्याआधी इन्स्टॉलर डिस्कचं नाव आणि माप दाखवतो. नाव 'व्हीबॉक्स हार्डडिस्क' असेल आणि माप २६.८ जीबीच्या आसपास. घाबरू नको, व्हर्च्युअलबॉक्स १०२४ च्या हिशेबाने मोजतो आणि इन्स्टॉलर १००० च्या, म्हणून पंचवीसचे २६.८ होतात. तिथे एक टीबी दिसलं तर मात्र हात मागे घे. याचा अर्थ तू व्हर्च्युअल मशीनमध्ये नाहीसच, पेनड्राइव्हवरून खराखुरा लॅपटॉप सुरू केलेला आहेस.

आता व्हीटी-एक्स. एका प्रोसेसरवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम सुखाने नांदाव्यात म्हणून इंटेलने २००५ पासून प्रोसेसरमध्येच ही सोय दिली. एएमडीवाल्यांकडे ती एएमडी-व्ही, बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) एसव्हीएम या नावाने. तुझ्या प्रोसेसरमध्ये ती नक्की आहे, फक्त कारखान्यातून बंद आलीय. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघड, खाली 'व्हर्च्युअलायझेशन : डिसेबल्ड' दिसेल. लॅपटॉप सुरू होताना एचपी असेल तर एफ-१०, डेल असेल तर एफ-२ दाबून बायोसमध्ये जा आणि 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' चालू कर. बाकी कशाला हात लावू नको. बिटलॉकर (विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घे. बायोस हलवलं की ती कधीकधी मागतं.

मुळशीकर | सोमवार, रात्री ११.४८

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? डब्ल्यूएसएल (विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स) वापरा. विंडोजमध्येच एका कमांडमध्ये लिनक्स, ना आयएसओ, ना बायोस. नाहीतर सरळ सोळा जीबी रॅम आणि एसएसडी (न फिरणारी वेगवान डिस्क) घालून घ्या, त्यात काय मोठं?

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, सकाळी ७.०२

हाव, काई मोठं नाई. कापूस इकून येतो अन घेतो.

जुना_मॉडेम | मंगळवार, सकाळी ८.२०

मुळशीकर, डब्ल्यूएसएल टू, म्हणजे त्याची आताची आवृत्ती, तिलाही तीच बायोसमधली सोय लागते. तेही आतून व्हर्च्युअल मशीनच आहे. आणि मुलीला इन्स्टॉलेशन शिकायचंय, पार्टिशन (डिस्कचे भाग) पाहायचंय, बूट होताना काय होतं ते पाहायचंय. डब्ल्यूएसएलमध्ये हे सगळं पडद्याआड राहतं.

कल्पना तशी जुनीच आहे. एका मोठ्या यंत्रावर अनेकांना आपापलं स्वतंत्र यंत्र असल्याचा भास आयबीएम साठच्या दशकापासून देत होती, १९७२ मध्ये तर व्हीएम/३७० बाजारातच आलं. व्हर्च्युअलबॉक्स इनोटेक या जर्मन कंपनीचा. ती २००८ मध्ये सनने घेतली आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या पदरात गेली. मराठीत काय म्हणावं? आभासी यंत्र?

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, सकाळी ८.४४

आभासी त आमच्या गावची लाइन हाय काका.

पऱ्हाटी | बुधवार, रात्री ९.३०

तिफणदादा, बायोसचं जमलं. लाल चौकट गेली. पण मधल्या वेळात मी आगाऊपणा केला. मुळशीकर सरांचं वाचून डब्ल्यूएसएलही टाकून पाहिलं. ते चाललं. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू सुरू केलं, तर बैलगाडीहून हळू. माउस हलवला की चार सेकंदांनी बाण हलतो. खालच्या कोपऱ्यात हिरवं कासव दिसतंय. मला वाटलं चिडवतंय.

दुसरं म्हणजे 'इरेज डिस्क' मला विचारलंच नाही. रात्रभरात सगळं आपलं आपण झालं. सकाळी उबुंटू उघडलं तर नाव 'व्हीबॉक्सयूजर' असं कोणाचं तरी, टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडतच नाही, आणि सुडो (मालकाच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) म्हणतं हा माणूस यादीत नाही. मी मशीनला सहा जीबी रॅम आणि चारही प्रोसेसर दिले होते, तरी असं.

तिफण | बुधवार, रात्री १०.१२

कासव खरंच चिडवतंय. त्याचा अर्थ असा की विंडोजने व्हीटी-एक्स स्वतःच्या हाताखाली घेतलंय आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत उसनं वापरावं लागतंय. डब्ल्यूएसएल टू टाकताना 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म' नावाचं फीचर चालू होतं, त्याचाच हा परिणाम. तू 'विंडोज फीचर्स' उघडून ते काढ, 'विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म' असेल तर तेही काढ, आणि रिस्टार्ट कर. तरी कासव राहिलं तर विंडोज सिक्युरिटीत 'कोअर आयसोलेशन'खाली 'मेमरी इंटिग्रिटी' चालू आहे का ते पाहा. ते बंद केल्याने विंडोजचं एक संरक्षण कमी होतं. तुझ्या लॅपटॉपवर लोकांची कागदपत्रं असतात, तेव्हा आधी फीचर्स काढून पाहा आणि गरज पडली तरच इकडे वळ.

आता रॅम. व्हर्च्युअलबॉक्सच्या भाषेत विंडोज यजमान आणि लिनक्स पाहुणा. तू पाहुण्याला माजघर, स्वयंपाकघर, देवघर देऊन टाकलंस आणि यजमान ओसरीत कुडकुडतोय. आठ जीबीतले सहा आत गेले, विंडोजला दोन उरले, ते पुरेनात म्हणून तो हार्डडिस्कवर लिहीत बसला. तुझी डिस्क फिरती, म्हणजे आणखीच हळू. तीन जीबी दे, म्हणजे ३०७२ एमबी. प्रोसेसर दोनच. मशीन बनवताना जी पट्टी सरकवतेस तिचा हिरवा भाग ओलांडायचा नाही.

आपोआप झालेलं काम म्हणजे 'अनअटेंडेड इन्स्टॉल'. व्हर्च्युअलबॉक्सच्या सातव्या मालिकेपासून आयएसओ दाखवली की तो स्वतःच सगळी उत्तरं भरतो. नाव व्हीबॉक्सयूजर, पासवर्ड 'चेंजमी', आणि त्या माणसाला सुडोचा अधिकारही देत नाही. टर्मिनल न उघडणं हाही त्याच घाईचा प्रताप, भाषेची सेटिंग अर्धवट राहते. दुरुस्त करता येतं, पण शिकायला बसलेल्या माणसाने उसवत बसू नये. मशीन उडव. नवीन करताना 'अनअटेंडेड' शब्द जिथे दिसेल तिथे नको म्हण. काही आवृत्त्यांत तो टाळायला टिक करावी लागते, काहींत टिक काढावी लागते. वाचून कर.

मुळशीकर | बुधवार, रात्री १०.४०

कासवाचं मला माहीत नव्हतं. माझ्याकडे दोन्ही एकत्र चालतात, पण मशीन तगडं आहे म्हणून जाणवत नसेल. पऱ्हाटी, सॉरी.

डवरा | गुरुवार, सकाळी ६.५०

मी मूर्तिजापूरकडचा, आयटीआयच्या पोरांना हेच शिकवतो. माझं मत : या लॅपटॉपवर उबुंटूचा हट्टच सोड. त्याची गनोम स्क्रीन फिरत्या डिस्कवर तीन जीबीत रडत चालते. लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या स्क्रीनची) आवृत्ती घे. आयएसओ तीन जीबीच्या आसपास, दोन जीबी रॅमवरही उभी राहते, वीस जीबी जागा पुरते. आत पाया उबुंटूचाच, कमांडही त्याच, परीक्षेला फरक पडत नाही. डेबियनची नेटइन्स्टॉल आयएसओ एक जीबीहूनही लहान असते म्हणून लोक भुलतात. पण बाकीचं सगळं ती इन्स्टॉल करताना नेटवरून ओढते. मधेच रेंज गेली की बसा.

उतरवण्याची युक्ती : दिवसाचा डेटा रात्री बाराला नव्याने मिळतो. अकराला सुरू केलं तर आजचा उरलेला आणि उद्याचा, दोन्ही एकाच बैठकीत वापरता येतात. टॉरेंटने घे, रेंज तुटली तरी जिथे थांबलं तिथूनच पुढे जातं. आणि उतरल्यावर एसएचए-२५६ (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नको. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल, हायफन हॅशफाइल, फाइलचं नाव, एसएचए२५६. (कमांड इंग्रजीतच टाइप करायची, मी उच्चार लिहितोय.) येणारा लांबलचक आकडा मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. शेवटची सहा अक्षरं पाहून समाधान मानू नको, सगळा जुळव. एका पोराने अर्धवट आयएसओवर दोन दिवस डोकं फोडलं, दोष व्हर्च्युअलबॉक्सला देत.

पऱ्हाटी | रविवार, दुपारी ४.०५

कासव गेलं! फीचर्स काढल्यावरच गेलं, मेमरी इंटिग्रिटीला हात लावावा लागला नाही. त्याच्या जागी निळी चिप दिसतेय. मिंट उतरली, आकडा जुळला, अनअटेंडेड नको म्हटलं.

आणि ती स्क्रीन आली. 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट'. मी बाबांना बोलावलं नाही. व्हीबॉक्स हार्डडिस्क, २६.८ जीबी, दोन्ही तीनदा वाचलं, आणि दाबलं.

फाइल कॉपी होता होता अर्ध्यावर लाइन गेली.

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, दुपारी ४.११

बाप्पा! रविवारी बी?

पऱ्हाटी | रविवार, दुपारी ४.१९

रोहित्रावर काम चालू होतं म्हणे. तासाभराने आली. भीतभीत लॅपटॉप सुरू केला. विंडोज व्यवस्थित, बाबांची कागदपत्रं जागच्या जागी. मिंटचं मशीन मात्र काळ्या स्क्रीनवर अडकलंय. आता?

तिफण | रविवार, दुपारी ४.५२

आता काही नाही. तेच मशीन आयएसओवरून पुन्हा सुरू कर, पुन्हा 'इरेज' म्हण. अर्धवट झालेलं पुसलं जाईल. खऱ्या डिस्कवर लिनक्स टाकताना याच क्षणी लाइन गेली असती तर आज तू विंडोजही दुरुस्त करत बसली असतीस.

पण बॅटरी नसलेल्या लॅपटॉपवर रोज हे करू नको. इन्व्हर्टर असेल तर त्यावर जोड. लाइन जाणार असं आधी कळलं, तर मशीनची खिडकी बंद करताना तीन पर्याय येतात, त्यातला 'सेव्ह द मशीन स्टेट' निवड. आतली रॅम आहे तशी डिस्कवर उतरते आणि परत सुरू केलं की कमांड अर्धी लिहिलेलीही तशीच सापडते. फिरत्या डिस्कवर याला मिनिटभर लागतं, तेव्हा दिवे मिचमिचायला लागल्यावर नाही, त्याआधी.

जुना_मॉडेम | रविवार, रात्री ८.१५

एक गोष्ट राहून जातेय. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर अधिकृतपणे घेतं, म्हणजे पऱ्हाटीचा लॅपटॉप त्यात बसत नाही. घरगुती वापरासाठी वाढीव मुदतीत नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. ते करून घे. आतलं लिनक्स कितीही ताजं असलं तरी बाहेरचं विंडोज उघडं राहिलं तर उपयोग नाही.

पऱ्हाटी | मंगळवार, रात्री १०.४०

झालं!! मिंट उभी राहिली. टर्मिनल उघडतं, सुडो माझं ऐकतं. नेटसाठी काहीच करावं लागलं नाही, मोबाइल यूएसबीने विंडोजला जोडला तर आत आपोआप नेट आलं. आयपी १०.०.२.१५ दिसतो, मोबाइलच्या आयपीशी काही संबंध नाही. असं का? आणि माउस आत अडकला होता, तो उजवी कंट्रोल दाबून सोडवला, ते मलाच सापडलं.

आता सराव विंडोजमधल्या फोल्डरमध्ये ठेवायचाय. शेअर्ड फोल्डर म्हणून काही दिसतंय, डेस्कटॉपच देऊन टाकू का?

डवरा | मंगळवार, रात्री ११.०२

थांब!! डेस्कटॉप मुळीच देऊ नको.

तिफणदादांनी वर सांगितलं की पाहुण्याला यजमानाची डिस्क दिसत नाही. खरं आहे, पण शेअर्ड फोल्डर ही तूच भिंतीला पाडलेली खिडकी. आतून त्या फोल्डरमध्ये जे पुसशील ते विंडोजमधून खरोखर पुसलं जातं, आणि रिसायकल बिनमध्येही जात नाही. माझ्या हातून झालंय. पोरांना 'आरएम हायफन आरएफ' (न विचारता सगळं पुसणारी कमांड) काय करतं ते दाखवत होतो, 'व्हर्च्युअल मशीन आहे, बिनधास्त पुसा' असं मोठ्याने म्हणत. मी उभा कुठे होतो? शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. मामेभावाच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. वहिनी अजून हसून बोलत नाही.

तू 'सराव' नावाचा नवा रिकामा फोल्डर बनव आणि तेवढाच शेअर कर. फक्त आत वाचायचं असेल तर 'रीड-ओन्ली'वर टिक कर, मग आतून पुसताच येत नाही. फोल्डर उघडताना परवानगी नाही म्हणालं, तर स्वतःला व्हीबॉक्सएसएफ या ग्रुपमध्ये घालून मशीन रिस्टार्ट कर. मिंटमध्ये गेस्ट अॅडिशन्सचं (पाहुण्याला यजमानाशी नीट जुळवणारं) बरंचसं सामान आधीच असतं. स्क्रीन खिडकीबरोबर मोठी होत असेल तर समज ते आहे.

तिफण | मंगळवार, रात्री ११.२०

डवऱ्याने माझी चूक पकडली, बरं केलं.

आयपीचं : व्हर्च्युअलबॉक्स मधे एक छोटा राउटर उभा करतो, त्याला नॅट म्हणतात. आतल्या मशीनला तो १०.०.२.१५ देतो आणि बाहेर सगळं विंडोजच्या नावावर खपवतो. मोबाइलच्या नेटवर हेच बरं, 'ब्रिज्ड'च्या (आतलं मशीन थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडायच्या) नादी लागू नको.

आणि आजच्या आज एक स्नॅपशॉट (मशीनची आत्ताची अवस्था जपून ठेवणं) घे, 'कोरी मिंट' असं नाव दे. मग काय तोडायचं ते तोड. एवढं मात्र लक्षात ठेव, स्नॅपशॉट त्याच हार्डडिस्कवर असतो. डिस्क मेली तर तोही मेला.

पऱ्हाटी | शुक्रवार, रात्री ९.१५

तोडलं. सुडो लावून मुळापासूनच आरएम चालवलं, मुद्दाम. आधी काही होत नव्हतं, ते स्वतःच अडवतं, वेगळी परवानगी द्यावी लागते. मग डेस्कटॉपवरची चिन्हं एकेक करून गेली आणि शेवटी एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) हीही सापडेना. शेअर्ड फोल्डर आधी काढून ठेवला होता डवरादादा. स्नॅपशॉटवर परत आले, एका मिनिटात सगळं जसंच्या तसं. हे करताना बाबा मागे उभे होते. म्हणाले, आमच्या शेताले असं एखादं बटन हाय का?

आता शेवटचं. वर्गातल्या तिघींनाही हेच हवंय, पण त्यांच्याकडे एवढं नेट नाही. 'एक्स्पोर्ट अप्लायन्स' करून अख्ख्या मशीनची एकच ओव्हीए फाइल केली, पाच जीबी झाली. बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह आहे, पूर्ण रिकामा. तरी म्हणतो फाइल फार मोठी आहे. पेनड्राइव्ह खोटा निघाला का?

डवरा | शुक्रवार, रात्री ९.४१

खरा आहे. एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट असेल, त्यात चार जीबीहून मोठी एकच फाइल मावत नाही, पेनड्राइव्ह कितीही रिकामा असो. विंडोजमध्ये उजवं क्लिक, फॉरमॅट, एक्सएफएटी निवड. तिघींच्या लॅपटॉपवर इंपोर्ट करताना नवा मॅक अॅड्रेस (नेटवर्कवरची मशीनची ओळख) बनवायचा पर्याय ठेवा, आणि त्यांना आधी पासवर्ड बदलायला सांग. नाहीतर चौघींच्या मशीनला तुझाच पासवर्ड राहील. त्यांच्याही बायोसमध्ये व्हीटी-एक्स बंद असू शकतं, एफ-१०, एफ-२ चं तूच सांगून ठेव.

पऱ्हाटी | शनिवार, सकाळी ८.३०

कॉपी होतेय. अकराच्या एसटीने दारव्ह्याला जातेय, आज तिघी तिथेच भेटणार. आजूबाजूच्या गावातल्या अजून कोणाला हवी असेल तर इथे लिहा, रिकामा पेनड्राइव्ह आणा. आठ जीबीचा पुरेल.

वऱ्हाडी_ठेचा | शनिवार, सकाळी ८.३६

मले पाहिजे. पासवर्ड काय हाय?

पऱ्हाटी | शनिवार, सकाळी ८.३८

इथे कसा लिहू ठेचाभाऊ! स्टँडवर सांगते.